बेल बंद आहे, परत जा

सांगलीहून निघालेली एसटी नगरला पोचली तेव्हा माझं हाड न् हाड खिळखिळं झालं होतं. रिक्षानं लष्करी क्वार्टर्स गाठली. धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या दारावर पुठ्ठा टांगलेला: 'बेल बंद आहे. परत जा.' घ्या! एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीचं हे स्वागत. मी मागच्या दारानं शिरले.

"आमच्या पिंकीचे उद्योग," सुमन म्हणाली. "सारखी बेलची वायर उपसून ठेवते. दूधवाला, गॅसवाला, सगळे उलट्या पावली जातात."

नऊ वर्षांची पिंकी माझ्याकडं बघून गोड हसली. बाप काश्मीरच्या सीमेवर, त्याचा फोन यायचा तोही शेजाऱ्यांकडं. लेक लाडानं शेफारलीय, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सुमनला घरी सोडून आम्ही दोघी शनिशिंगणापूरला निघालो. वाटेत रसवंतीवर पिंकीनं रसवाल्याला सांगितलं, की ही माझी मावशी सिनेमात काम करते. बिचाऱ्यानं माझा ग्लास पुन्हा भरला. मी काही खुलासा केला नाही. रस आलं-लिंबू घातलेला, फार झकास होता.

दर्शन झालं, ऊन चढलं, म्हणून एका घरी पाणी मागायला गेलो. इथल्या घरांना चौकट असते, दार नसतं, हे ठाऊक असूनही सवयीनं मी चौकटीवर टकटक केली.

पिंकी गायब! बघते तर वसरीतल्या (ओसरीतल्या) ज्वारीच्या पोत्यांमागं कान घट्ट दाबून बसलेली, थरथर कापत. मी तिला जवळ घेऊन बाहेर आणलं.

घरच्या बाई बाहेर आल्या. "दारच न्हाई तर वाजवता काय? आमच्यात हाळी (हाक) देत्यात. पोरीला काय झालं?"

पाणी प्यायल्यावर पिंकी बोलली. शेजारच्या बबलूकडं भर दुपारी बेल वाजली होती. दारात वर्दीतले दोन काका. बबलूचे बाबा गेल्याचं सांगायला आले होते.

"बेल वाजलीच नाही तर काका परत जातील ना, मावशी?"

मला रडूच फुटलं. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आगं, मग आईला सांगायचं न्हाई का?"

"आई म्हणते, फौजीची मुलगी घाबरत नाही."

बाईंनी आम्हाला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. पिंकीनं दीड भाकरी हाणली आणि जाता जाता त्यांनाही माझ्या सिनेमाची बातमी देऊन टाकली.

संध्याकाळी सुमन कणीक मळत होती, तिला मी सगळं सांगितलं. ती मळतच राहिली. मग पिठाच्या हातानंच तिनं पिंकीला जवळ ओढलं.

"बेल वाजली की मी आधी भिंत धरते," ती म्हणाली. "मग दार उघडते."

"तू पण घाबरतेस?"

"फार."

पिंकी तिच्याकडं बघतच राहिली. "मग मला बोलवत जा की. दोघी मिळून उघडू."

दोघी एकमेकींना धरून रडायला लागल्या. मी मुकाट्यानं पोळ्या लाटायला घेतल्या. मेहुणे कधी येतील, कसे येतील, ते कुणाच्या हातात? पण दार उघडायला आता दोघी आहेत, एवढं बघून मी सांगलीची गाडी धरली.