उजव्या हाताची विश्रांती

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा झाला तेव्हा मी पुण्यात मेंदूतल्या एका प्रथिनावर पीएच.डी. करत होते. मेंदूची पेशी कामाला लागली की हे प्रथिन सुटतं, शेजारच्या पेशींना निरोप देतं आणि नवे जोड तयार व्हायला मदत करतं. तुटलेला डीएनए सांधायलाही ते हातभार लावतं का, हे मी उंदरांच्या पेशींवर बघत होते. तीन वर्षं दुसरं काही सुचत नव्हतं.

दौंडच्या दवाखान्यातून आप्पा खुटबावला घरी आले. बोलणं शाबूत होतं, उजवा हात मात्र लुळा. खांद्यातून थोडा उचलायचा, बोटं जेमतेम हलायची. याच हाताने ते चातीवर लोकर कातायचे; मेंढरं विकून शेती धरली तरी तो नाद सुटला नव्हता. हा हात परत येईल का, या एका प्रश्नाने मला स्वस्थ बसवत नव्हतं. दर शनिवारी पॅसेंजर पकडायचे आणि घरात पाऊल टाकल्याटाकल्या भांडायचे. शिरूरच्या मावशीने लकव्यावर चोळायला पारव्याचं तेल पाठवलं, त्यावरून तर मी घर डोक्यावर घेतलं.

आमच्याकडे आजारी माणसाला हात हलवू देत नाहीत. आई पाणी पाजायची, भाऊ सदरा घालायचा. मी असले की जेवण माझ्याकडे. भाकरी कालवणात कुस्करून एकेक घास भरवायचे. आप्पा मुकाट खायचे.

दीड महिना असा गेला. एका दुपारी प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थिनीला मी झापत होते, "अगं, पेशीला कामच नसेल तर प्रथिन सुटणार कुठून?" आणि मला आप्पांना भरवलेले घास आठवले. शनिवारची वाट न बघता तशीच निघाले.

घरी येऊन आप्पांचा डावा हात पंच्याने अंगाशी बांधला, ताट पुढे सरकवलं. "उजव्यानं खा." आई मला नाही नाही ते बोलली. आप्पांचा हात थरथरत ताटापर्यंत गेला. घास दोनदा सांडला, तिसऱ्यांदा कसाबसा तोंडाशी पोचला. मी घाईघाईने सांगत सुटले, की हात कामाला लावला तरच मेंदू नवी वाट काढतो, नुसता बसवून ठेवला तर नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुला कवापास्नं ठावं हाय?"

"तीन वर्षं."

"मंग भरवत का व्हतीस?"

"तुम्हाला भरवताना मला बरं वाटायचं, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चौथ्या घासाला हात घातला.