पानांखालचा ढेऱ्या
लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या काकांची अख्खी हयात अंधाऱ्या पोकळीत दोराला लटकून गेली. खाली पाच-सहा मजल्यांची खोली, आणि हा माणूस वर गाणी म्हणायचा. पण बेडूक दिसला की संपलं! पाचावर धारण. "म्हणे वाघाचं काळीज," काकू हसायच्या, "ते बेडकानं खाल्लं की काय?"

काकूंचं अगदी उलट. पानगळ लागली की त्यांचा पाय घरात ठरायचा नाही. फिरायला निघाल्या की झाडागणिक थांबायच्या. लाल फळं टिपणारे पक्षी बघायच्या, दाणे पुरून विसरणाऱ्या खारींना रागवायच्या. काका मागं पिशवी धरून, "अगं, चल ना आता!"

यंदा काकू खिडकीतच. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, जिना उतरायला बंदी. मग काकाच एकटे फिरून यायचे आणि खिशातून एकेक पान काढून दाखवायचे. रात्री मात्र त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे. हळूच काकूंच्या नाकापुढं हात धरायचे; श्वास हाताला लागला की आडवे व्हायचे. भीती, दुसरं काय!

त्या दिवशी काकू झोपलेल्या बघून काकांनी बाग झाडली. उठल्यावर खूश होईल बिचारी, म्हणून सगळी पानं एका ढिगात लोटली आणि काडी लावली. ओली पानं ती. जाळ कमी, धूरच फार. तेवढ्यात वरची खिडकी उघडली.

"अहो, भिंतीकडची पानं कुठायत? त्यात ढेऱ्या झोपलाय!"

ढेऱ्या म्हणजे काकूंचा बेडूक. दर पानगळीत तिथं शिरायचा, थंडी सरली की बाहेर. "मी सांगितलंय त्याला," काकू खिडकीतून ओरडल्या, "पालवी फुटली की भेटू म्हणून."

काकांनी फावडं उचललं. तो मेला तर? मग हीसुद्धा... छे छे, शुभ बोल रे नाऱ्या! फावडं घातलं तर चिरडायचा. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि धुमसत्या ढिगात दोन्ही हात खुपसले. पानं, काटक्या, चटके. आणि मग ते थंडगार, थुलथुलीत काहीतरी.

तळहातावर घेतला, तर हलेना. पाय लोंबलेले. काका त्याच्या गळ्याकडे बघत राहिले. थरथरतोय तो, की आपलाच हात? शेवटी गळा हलला. मग पुन्हा हलला.

त्याला भिंतीकडं ठेवून, वर पानं पांघरून काका जिना चढले. हात पोळलेले, अंगाला धुराचा वास.

"हातानं उचललात?" काकूंनी मलम उघडलं. "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. अजून वाटतेय."

काकू मलम लावत राहिल्या.

"रोज रात्री नाकापुढं हात धरता ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मीही जागीच असते."