पाऊस थांबल्यावरचे दोन तास

तुमच्या आईला मी आजवर पुष्कळ सल्ले दिले. त्यातला एक तिच्या जिवावर बेतला असता. तो इथे लिहून ठेवते.

तुम्ही दोघं तेव्हा तिकडे बाबांजवळ होतात आणि ती कोकणात एका खाडीकाठच्या गावात राहत होती. वादळाने आत लोटलेलं समुद्राचं पाणी आणि घाटातून उतरणारा नदीचा पूर एकाच वेळी आले, तर गावात पाणी कुठवर चढेल, याचा तिचा अभ्यास चालू होता. धक्क्यावर तिने पाण्याची उंची नोंदवणारं यंत्र बसवलं होतं. भरतीच्या वेळांचा एक कागद मलाही पाठवला होता. तो मी इकडे बुलढाणा जिल्ह्यात, अमडापूरच्या घरी कॅलेंडरशेजारी चिकटवला होता आणि होऊन गेलेल्या भरतीवर रोज खूण करत होते.

वादळाच्या दिवशी गाव टेकडीवरच्या शाळेत हलवलं होतं. तीही तिथेच होती. साडेअकराला तिचा फोन आला.

"आई, पाऊस थांबला. वाराही पडलाय. यंत्र खालीच राहिलंय गं. दोन महिन्यांच्या नोंदी आहेत त्यात."

"मग वाट कसली बघतेस? पुन्हा पाऊस यायच्या आत घेऊन ये."

आमच्या घरामागच्या नाल्याचा पूर पाऊस थांबला की तासाभरात ओसरतो. लोक चपला हातात घेऊन पलीकडे जातात. पूर म्हणजे मला तेवढाच माहीत.

फोन ठेवून सवयीने कागदापाशी गेले. पुढची भरती पावणेएकची होती. घाटातलं पाणी अजून खाली यायचं होतं आणि भरती त्याला समुद्रात जाऊ देणार नव्हती. हे तिनेच मला समजावलं होतं. फोन लावला, लागेना. पुन्हा लावला.

शेजारीण विरजण मागायला आली. तिला फोनचं सांगितलं. "काऊन घाबरून राह्यल्या बाई? पाऊस तं थांबला म्हन्ता."

"म्हणून तर."

"पोरगी हुशार हाये तुमची."

"हुशार आहे, पण माझं ऐकते."

ती वाटी घेऊन तशीच बसून राहिली. पावणेएक वाजले. एक वाजला. खूण करायला मी पेन्सिल उचलली नाही.

दीडला फोन वाजला. तुमची आई अर्ध्या उतारापर्यंत गेली होती. तिथे एका म्हाताऱ्या कोळणीने तिचा दंडच धरला.

"कोणी सांगितलं गो तुला खाली जायला?"

"आईने."

"आई कुठली तुझी?"

"बुलढाण्याची."

"मग तिचा काय दोष! तिने कधी दर्या बघितलाय?"

त्या दोघी तिथेच उभ्या होत्या. ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात पाणी धक्क्यावर चढलं, मग रस्त्यावर आलं. यंत्र गेलं.

मी माफी मागायला लागले, तर ती म्हणाली, "माफी नको. तू मला 'जा' का म्हणालीस, ते नीट लिहून पाठव. मलाही तेव्हा जावंसंच वाटत होतं. बाहेरून आलेले सगळे असंच समजणार. धोक्याच्या सूचना देताना ते लक्षात घ्यायला हवं."

मी लिहून पाठवलं. आमचा नाला, हातातल्या चपला, सगळं. खाली तारीख घालून सही केली.