लेबलं वाचणारे मामासासरे

उल्हास नदीच्या दोन्ही काठांवर मिळून जेवढा राग असेल, तेवढा एकट्या माझ्या मामासासऱ्यांकडे आहे. रोज सकाळपासून सढळ हाताने वाटतात, तरी संपत नाही. सोनिवलीत जिथे आज आमची चार इमारतींची सोसायटी आहे, तिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं. जमिनीच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावर एक फ्लॅट मिळाला, आणि आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहतो. त्यामुळे मामा आज कोणावर उखडलेत हे मला खिडकी न उघडताही कळतं. लिफ्ट बंद असली की ते लिफ्टवर चिडतात, चालू असली की पहिल्या मजल्यासाठी लिफ्टमध्ये शिरणाऱ्यांवर चिडतात, म्हणजे बहुतेक वेळा माझ्यावर. गेटजवळ बिल्डरने अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या हिरवळीचा तर ते जाता-येता उद्धार करतात. एकदा कोणाचा तरी पाहुणा तिच्यावर बसून फोटो काढून घेत होता. मामा म्हणाले, "बस बस. गुरांनी तोंड लावला नाय तिला, तू तरी लाव." तो पाहुणा पुन्हा आमच्या सोसायटीत दिसला नाही.

पण हा सगळा किरकोळ माल. मामांचा घाऊक राग लेबलं न वाचणाऱ्यांवर. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ते पॅकिंग खात्यात होते, आणि कीटकनाशकांच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवणं हे त्यांचं काम. "तीस वरसं चिकटवली गो," ते मला सांगतात, "एका मानसानं वाचली नाय." जगाने वाचली नाहीत तर आपण वाचून दाखवावीत, असं त्यांनी निवृत्तीच्या दिवशीच ठरवलं असावं. खिशात कायम एक भिंग. कोणाकडेही चहाला गेले की मामा आधी स्वयंपाकघरात जाऊन सिंकखालचं कपाट उघडतात. तिथल्या झुरळांच्या, डासांच्या, कुंडीतल्या किडींच्या सगळ्या बाटल्या बैठकीच्या टीपॉयवर मांडतात आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतात. माझ्या नणंदेला बघायला मंडळी आली होती, त्या दिवशीही त्यांनी हेच केलं. मुलाच्या आईला, विष किती जहाल ते सांगणाऱ्या बाटलीवरच्या पिवळ्या त्रिकोणाचा अर्थ समजावून सांगितला, मग विचारलं, "तुमच्याकडे कनचा त्रिकोन हाय?" लग्न जमलं, पण त्या बाई अजूनही आमच्याकडचं पाणी पिण्याआधी ग्लास उजेडात धरून बघतात.

'औषध' हा शब्द त्यांना खपत नाही. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये आम्ही कुकरची रिंग घ्यायला गेलो होतो. शेजारच्या दुकानात एक बाई कुंड्यांसाठी 'औषधाची पुडी' मागत होत्या. मामा रिंग सोडून तिकडे गेले. "औषद आजारी मानसाला देतात, बाई. हा मारतो. ह्याला विष बोला." दुकानदार हात जोडून म्हणाला, "साईं, मेरा धंदा क्यूं बिठा रहे हो?" मामांनी त्यालाही भिंग देऊन पुडीवरचं वाचायला लावलं. आम्ही रिंग न घेताच परत आलो.

या माणसाला मी आयुष्यात कोणाशी हळू बोलताना ऐकलं असेल तर ते माश्यांशी. घरामागे कंपाउंडच्या भिंतीलगत त्यांनी सातेरी, म्हणजे आपल्या देशी मधमाश्यांची एक पेटी ठेवली होती. रोज संध्याकाळी तिच्याजवळ स्टूल टाकून बसायचे आणि दिवसभर कोणाकोणाला झापलं त्याचा वृत्तांत द्यायचे. एकदा एक माशी नाकावर चावली. नाक टोमॅटोएवढं झालं, पण राग आला नाही. म्हणाले, "चूक माजी. वासाचा तेल लावला व्हता."

आणि नेमका या माश्यांच्या मुळावर सोसायटीचा पेस्ट कंट्रोल. दर महिन्याला एक माणूस पाठीवर पंप लावून यायचा आणि फुललेल्या कुंपणावर भर सकाळी फवारणी करून जायचा. कीड असो वा नसो. महिना भरला की फवारा. मामा 'सोसायटी'ला 'सोसाटी' म्हणतात, पण 'निओनिकोटिनॉइड' आणि 'इमिडाक्लोप्रिड' ही कीटकनाशकांची नावं मात्र देवाच्या आरतीसारखी घडाघडा. वार्षिक सभेत ते उभे राहिले आणि पाऊण तास बसलेच नाहीत. "वरून मारला तर वरच राहील असा नाय हा. झाडाच्या मुलात घातला तर पानात चढतो, फुलात चढतो, मधात उतरतो. फुलाला किडा आला म्हनून तुमी फूलच विषारी करता? आनि घराच्या दारात?" आमचे चेअरमन निवृत्त शिक्षक, गरीब स्वभावाचे. त्यांनी दोनदा "मामा, मुद्द्यावर या" म्हणून पाहिलं, तर मामा म्हणाले, "मुद्द्यावरच उभा हाय, तुमी या." शेवटी ठराव झाला: आवारातल्या आणि गॅलरीतल्या फुलझाडांना ही द्रव्यं घालायची नाहीत, वाळवी खरोखर सापडली तरच, परवानाधारक माणसाकडून, दोन दिवस आधी नोटीस लावून. ठराव माझ्या अक्षरात आहे. सेक्रेटरी मीच.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझा मलाच संताप येतो.

गणपतीच्या आधी माझ्या जास्वंदीवर पांढरी कीड आली. कळ्या गळायला लागल्या. ऑफिसमधून येताना अंबरनाथ पूर्वेला उतरून मी एका दुकानातून पुडी घेतली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एक चम्मच पानी में डालो, सब साफ." मी दोन चमचे घातले, कारण आपल्याला एकाने बरं कुठे समाधान? उरलेलं पाणी फुकट कशाला घालवा म्हणून तुळशीला घातलं. विष, नियम, ठराव हे सगळं पंपवाल्यासाठी असतं. घरातल्या चमच्याला कसला आला ठराव! एवढी मी शिकलेली, एवढी मी सेक्रेटरी.

गणपती गेले आणि आठवड्याभराने माश्या मरायला लागल्या. पेटीखाली, मामांच्या ओट्यावर, उताण्या पडून पाय थरथरवत होत्या. चार दिवसांत पेटी गप्प झाली. मुंबईला मुलीकडे गेलेले मामा हे ऐकून परत आले, ते थेट चेअरमनच्या दारात गेले. मी त्यांच्यामागे, त्यांच्याहून मोठ्या आवाजात. गुपचूप फवारलंत, ठराव पायदळी तुडवलात, लाज वाटायला हवी, असं काय काय मी त्या म्हाताऱ्या माणसाला बोलले. सगळा मजला दारात उभा होता. ते एवढंच म्हणाले, "ताई, पंपवाला दोन महिने आलाच नाही हो." मला ते खोटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा नेहमीसारखे वर चहाला आले. चहाआधी माझ्या तुळशीची दोन पानं तोडून खायची, ही त्यांची सवय. गणपतीच्या आधीच मुलीकडे गेल्यामुळे तेवढे दिवस खंड पडला होता. मी गाळणी हातात घेऊन उभी होते. तुळस मंजिऱ्यांनी गच्च भरलेली, आणि मामांचा हात पानाकडे गेला.

"मामा, नको! हात लावू नका!"

सासरच्या वडीलधाऱ्यांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले होते. ते वाक्य माझ्या तोंडून निघेपर्यंत मला काहीही कळलेलं नव्हतं. निघालं आणि सगळं कळलं. दिवसभर माश्या याच मंजिऱ्यांवर बसायच्या तेही आठवलं.

मामांनी हात मागे घेतला. तुळशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "पुडी आन." मी सिंकखालून पुडी आणून दिली. आता छप्पर उडणार म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी भिंग काढलं. आतला घडीचा कागद उलगडून वाचला, पण मोठ्याने नाही, मनातल्या मनात. मग घडी घालून परत आत ठेवला. "मराठीत लिवलाय," एवढंच बोलले आणि चहा न घेता खाली गेले.

खाली जाऊन ते चेअरमनकडे गेले, हे मला नंतर चेअरमनांनीच सांगितलं. मामांनी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, "गुरुजी, चूक माज्या घरातली हाय. माफी करा." चूक घरातल्या कोणाची, ते सांगितलं नाही. आयुष्यात कोणाची माफी न मागितलेला माणूस माझ्यासाठी मागून आला! मला इतका राग आला की भांडी आपटत सुटले. त्या दुकानदारावर, एवढुसं अक्षर छापणाऱ्या कंपन्यांवर, असलं विष भाजी-बिस्किटांच्या शेजारी मांडून विकू देणाऱ्यांवर, आणि सगळ्यात जास्त त्या दोन चमच्यांवर. पुढच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर माझं नाव सांगितलं. चेअरमनांची माफी मागितली. ठरावात एक ओळ वाढवली: हा नियम प्रत्येक घरातल्या प्रत्येक कुंडीला लागू. मामा मागच्या खुर्चीवर बसून होते. तुळस मी मातीसकट उपटून पिशवीत बांधून टाकली, तेव्हा पिशवी धरायला मात्र आले.

अजून ते मला रागावलेले नाहीत. मी लिफ्टने खाली गेले तरी काही बोलत नाहीत. "मामा, एकदा काय ते बोलून टाका," मी म्हणाले, तर म्हणाले, "बोलून माश्या येनार हायत का?"

त्या महिन्यात कुंपणावरच्या त्यांच्या लाल भोपळ्याला फळ धरेना. फुलं यायची आणि मागचा इवलासा भोपळा पिवळा पडून गळायचा. एका सकाळी मामांनी खालून हाक मारली. मी गेले, तर त्यांनी एक नर फूल तोडून, पाकळ्या सोलून माझ्या हातात दिलं आणि पराग लागावा म्हणून मादी फुलाच्या आत ते कसं अलगद फिरवायचं ते दाखवलं. तेव्हापासून ऑफिसला जाण्याआधी मी रोज खाली जाते. उन्हं चढली की फुलं मिटतात, म्हणून घाई करावी लागते. मामा पुढे पानं बाजूला करतात, मी मागून फूल फिरवते. दोघांची मिळून तासाभरात दहा-बारा फुलं होतात. माश्यांची किती व्हायची, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.