म्हशीच्या दुधानं केलेला चमत्कार

कोल्हापुरापासून समुद्र घाट उतरून पलीकडे आहे, म्हणूनच बहुधा पीएच.डी.ला माझ्या सरांनी मला समुद्री जिवाणूंवर संशोधन करायला लावलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोकणच्या खाड्यांत लोक कालवं पाळायचे आणि ती मरायची. शिंपला उघडला की मांसाच्या जागी नुसती चिकट पेज. एक जिवाणू विषारी एन्झाइम सोडतो आणि ते एन्झाइम कालवाचं मांस विरघळवतं. खाडीत औषधं ओतून जिवाणू मारता येत नाहीत, तेव्हा निदान त्या एन्झाइमला अडवणारं काहीतरी झाडपाल्यात शोधायचं, हा माझा विषय. मी तोवर कालव पाहिलेलं नव्हतं. सरांनीही नसावं, ते शाकाहारी होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील कबनूरला मागावर कामाला. विषय ऐकून म्हणाले, "माणसांची सगळी दुखणी बरी झाली म्हणायची."

जिवाणूला खारं पाणी लागायचं. ते मी रत्नागिरीहून कॅनमध्ये भरून एसटीनं आणायची. कंडक्टर विचारायचा, "काय हाय त्यात?"

"समुद्राचं पाणी."

"का? पंचगंगा आटली व्हय?"

एन्झाइमची परीक्षा मात्र दुधावर व्हायची. साय काढलेल्या दुधाची पावडर आगर नावाच्या जेलीत मिसळून काचेच्या प्लेटमध्ये ओतायची. प्लेट पांढरी दिसते. तिच्यावर एन्झाइमचा थेंब ठेवला की ते दुधातली प्रथिनं खातं आणि तिथं काचेसारखा स्वच्छ गोल पडतो. पाल्याचा रस मिसळल्यावर गोल पडला नाही, तर रसानं एन्झाइमला अडवलं. दीड वर्षात माझ्या एकाही पाल्यानं काही अडवलं नव्हतं.

विभागातल्या चर्चासत्रात मला निष्कर्ष मांडायचे होते. ते तोंडावर आलं आणि पावडर संपली. मागणीपत्र वर गेलं होतं, ते वरच सुखानं नांदत होतं. प्रयोगशाळेतले जुने परिचर, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, त्यांना हे ऐकून रागच आला.

"कोल्हापुरात राहून पावडरचं दूध? कुणाला सांगू नगा बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध कट्ट्यावरून, समोर म्हैस उभी करून पिळून घेतलेलं दूध किटलीतून घेऊन आले. "फेस बघा की."

मी फेस बघितला. एम.एस्सी. झालेल्या बाईनं फेसावर विश्वास ठेवला.

मग चमत्कार झाला. कडुनिंब, निर्गुडी, शेवगा, कशाचाही रस घ्या, गोल म्हणून पडेना. सरांनी रत्नागिरीच्या मत्स्य अधिकाऱ्यांना चर्चासत्राला बोलावून घेतलं. मी कबनूरच्या किराणा दुकानात फोन करून वडिलांना कळवलं. त्यांनी रविवारी विहारात वंदना झाल्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं की पोरीनं औषध शोधलं.

सोमवारी तक्ता करायला बसले, तेव्हा शेवटची प्लेट हातात आली. तिच्यात रसाच्या जागी नुसतं पाणी घातलेलं होतं, ताडून बघायला. तिथंही गोल नव्हता. म्हणजे पाण्यानंही एन्झाइमला अडवलं होतं. मग डोक्यात उजेड पडला. एन्झाइमनं प्रथिनं खाल्ली असणार, पण म्हशीच्या दुधातली चरबी जागच्या जागी होती. पांढरं ते पांढरंच राहिलं.

सरांनी प्लेट उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "ही तक्त्यात घ्यायलाच हवी का?"

"सर, पाण्यानं कालवं वाचत असती तर मेलीच नसती. ती पाण्यातच राहतात."

"तुझं वर्ष जाईल."

वर्ष जाणार हे मलाही कळत होतं. पण खाडीतला माणूस कडुनिंबाचा पाला पोत्यानं पाण्यात ओतत बसला असता, आणि कागदावर नाव माझं असतं. आमच्या घरातलं छापून येणारं ते पहिलंच नाव.

मामांना सांगितलं तर ते बसलेच. "म्हंजे दुधात खोट व्हती?"

"खोट न्हाय मामा. दूध लई चांगलं हाय, तीच अडचण झाली."

चर्चासत्रात पाण्याची प्लेट मी सगळ्यांत आधी दाखवली. मत्स्य अधिकारी घाट चढून आलेले. त्यांनी विचारलं, "मग आमच्या लोकांना काय सांगू?"

"अजून काही सापडलं नाही, असं सांगा."

सरांनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. कारणाच्या रकान्यात मी 'म्हशीचं दूध' असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून 'तांत्रिक अडचण' केलं. पुढं पावडर आली, सगळे प्रयोग पुन्हा झाले आणि जिकडेतिकडे लख्ख गोल पडले. एकट्या शेवग्याचा गोल जरा लहान होता. तेवढ्यावर माझं पुढचं वर्ष गेलं.

पण त्याच्या आधी, चर्चासत्रानंतरच्या रविवारी, मी कबनूरला गेले आणि वडिलांना सगळं सांगितलं. ते विहारात वंदना झाल्यावर पुन्हा उभे राहिले.

"मागच्या आयतवारी मी सांगितलं ते खोटं निघालं," ते म्हणाले. "कुणी पकडलं न्हाय. पोरीनंच शोधून काढलं."

आणि खाली बसले, औषध सापडल्यासारखे.