मातीची अभ्यासिका

लातूरच्या आमच्या कॉलेजात अभ्यासिकेवरचा पत्रा काढला, त्या दिवसापासून माझं प्राचार्यांशी वाकडं आलं. मी तिथली ग्रंथपाल. पत्रा उन्हाळ्यात भाजतो, दिसायला दळभद्री, म्हणून तिथं मातीच्या जाड भिंतींची पर्यावरणपूरक इमारत उठणार होती. पुण्याहून वास्तुविशारद आला. कपडे खादीचे, गाडी मात्र एसीची. बैठकीत म्हणाला, "माती श्वास घेते."

डोक्यात तिडीकच गेली. "आमच्याकडं ती श्वास काढून घेते," मी म्हटलं.

भूकंपात आमचं गाव दगडमातीच्या भिंतींखाली गेलं. मी तेव्हा लहान, पत्र्याच्या ओसरीत झोपलेली, म्हणून वाचले. धाकटी बहीण आत होती. पुढं कित्येक वर्षं गावातली माणसं पत्र्याखालीच राहिली. उन्हाळ्यात होरपळली, पण तक्रार कुणी केली नाही. पत्रा अंगावर पडला तरी माणूस उठून बसतो.

प्राचार्य नांदेडचे. म्हणाले, "मॅडम, किती जुनी गोष्ट ती!"

"तुमच्याकडं भांडी वाजली, सर. आमच्याकडं गाव गेलं."

वास्तुविशारदानं सळ्या, सिमेंट, यंत्रात दाबलेल्या विटा असं सगळं शांतपणे समजावलं. त्यात खोट काढता येईना, याचाच मला जास्त संताप आला. त्या खोलीत मी बसणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

इमारत झाली, ग्रंथालयाची पुस्तकंही तिथंच गेली. भर उन्हात पोरं आत खुशाल अभ्यासाला बसायला लागली आणि मी बाहेर व्हरांड्यात टेबल टाकून घाम पुसत राहिले. शेवटी प्राचार्यांनी बजावलं, सोमवारपासून आत बसा, नाहीतर परीक्षा विभागात जा, ग्रंथालय दुसरं कुणी बघेल. एकेक पुस्तक मी हातानं लावलेलं, आणि म्हणे दुसरं कुणी बघेल!

घरी आईसमोर त्या मातीचा उद्धार चालूच होता. आई म्हणाली, "दाखव तरी मला."

रविवारी घेऊन गेले. वाटलं, दारातूनच माघारी फिरेल. ती सरळ आत गेली, भिंतीवरून हात फिरवला आणि पाठ टेकून खाली बसली. मला राहवेना.

"असल्याच भिंतीखाली तुझी लेक गेली ना? अन् तू टेकून बसलीस?"

"मातीला कशाला बोलतीस?" ती म्हणाली. "पोरगी तुझ्यापाशीच निजली हुती, ओसरीत. गारठा लई हुता. मीच उचलून आत नेली."

एवढ्या वर्षांत हे तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं.

सोमवारी मी टेबल आत नेलं. पुस्तकं सोडवत नव्हती. मी नमले, असं प्राचार्यांना वाटलं, वाटू दे. त्या भिंतीचा मी आजही राग राग करते आणि करत राहणार. तिच्यावरचा सोडला, तर तो आईवर जाईल.