पायाखालचं खोकं

चाचांच्या जुन्या कॉम्प्युटरात एक यादी होती. 'लाब' टाइप करून स्पेस दाबली की 'लाथाबुक्क्यांनी मारहाण केली' हे पूर्ण वाक्य आपोआप उमटायचं. 'केध' म्हणजे 'केसांना धरून फरफटत घराबाहेर काढले'. 'जीम' म्हणजे 'जीवे मारण्याची धमकी दिली'. रोज तीच वाक्यं बडवून बोटं दुखायची, म्हणून चाचांनी कित्येक वर्षांत ती एकेक करून भरली होती. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा फायली पेनड्राइव्हमधून पटापट पलीकडं गेल्या, पण ही यादी काही जाईना. ती हातानं उतरवावी लागली. चाचा जुन्या पडद्यावरून वाचायचे, मी नव्यावर टाइप करायचे.

गळा दाबला. झालं. दातांनी चावा घेतला. झालं. तापल्या उलथन्यानं चटका दिला. झालं.

चहावाला ग्लास ठेवता ठेवता थांबला आणि म्हणाला, "चाचा, रेसिपी लिखवा रहे हो क्या?" चाचा हसले. मीही हसले. मग चाचांनी पुढचं वाक्य वाचलं.

भिवंडीत कोर्टाच्या भिंतीला लागून पत्र्याच्या शेडी आहेत, त्यातलं एक टेबल चाचांचं. अर्ज, प्रतिज्ञापत्र, जबाब. चाचा इथले जुने, कोकणी मुसलमान, टाइपरायटरच्या काळापासून बसलेले. मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न होऊन इथं आले. नवरा लूमवर होता, बारा तासांची ड्युटी. शिफ्टला जाताना मारायचा, शिफ्टहून आल्यावर मारायचा. मधल्या बारा तासांत मी घड्याळाकडं बघत बसायचे. एका दुपारी ओठ फाटलेला असताना लोणच्याची बरणी छातीशी धरून मी चाचांच्या टेबलापुढं येऊन उभी राहिले. घरातून पळताना तीच का उचलली, मला अजून सांगता येत नाही. चाचांनी अर्ज लिहून दिला, चहा पाजला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथंच येऊन बसले, कारण दुसरीकडं जायला जागाच नव्हती. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले की बेटी, बसलीच आहेस तर हे कागद लावून दे. नवरा पुढं सुरतेकडं निघून गेला. मी अजून तिथंच बसलेली आहे. सकाळी हात जोडते तेव्हा देवाच्या आधी चाचांचा चेहरा येतो, आणि देव त्याला हरकत घेत नसावा.

चाचांची एक पद्धत होती. बाईच्या नावानं फाईल कधीच ठेवायची नाही. कारण दोन-चार दिवसांनी नवरा, नाहीतर दीर, टेबलाशी येऊन विचारणारच, आमच्या अमकीनं इथं काही लिहून घेतलं का. मग चाचा सरळ पडदा त्याच्याकडं फिरवायचे: बघ बाबा, आहे का नाव? नसायचंच. बाई आली तेव्हा तिच्या हातात काय होतं, ते फाईलचं नाव. 'काळी छत्री'. 'तुटकी चप्पल'. 'स्टीलचा डबा'. माझ्या फाईलचं नाव 'बरणी'.

तर नव्या कॉम्प्युटरात फायली गेल्या, पण उघडून बघावं तर अक्षरांच्या जागी नुसते कोंबडीचे पाय. जुना फॉन्ट तिथं चालत नव्हता. कॉम्प्युटर विकणाऱ्यानं एक युक्ती शिकवली, तीत जुनं अक्षर बदलून नवं होई. प्रत्येक फाईल उघडायची, बदलायची, वाचून तपासायची, ठेवून द्यायची. नऊ दिवस मी तेच केलं. नऊ दिवस सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत भिवंडीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना माझ्यासमोर मार बसत होता. पाटा, वरवंटा, पट्टा, लूमचा दांडा. शेडबाहेर कुणी मोठ्यानं बोललं तरी मी खुर्चीत आकसायचे. मधे 'बरणी' आली. तीही वाचली, एक काना राहिला होता तो दिला, आणि ठेवून दिली.

एक गोष्ट मी माझ्या हौसेनं केली. अर्जाच्या वर उजवीकडं 'दिनांक' असतो, तो चाचा हातानं घालायचे. नव्यात सोय होती की तारीख आपोआप यावी. मला ते फार भारी वाटलं. मी मायन्यात, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या साच्यात, ती सोय करून टाकली आणि सगळ्या जुन्या फायली त्याच मायन्यात ओतल्या. आठवी नापास बाईनं कॉम्प्युटरला तारीख लावायला शिकवलं, असं मनात म्हणाले. चाचांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर छाती फुगवून सांगितलं असतं.

नवा कॉम्प्युटर म्हणजे एकच मोठा सपाट पडदा होता, सगळं त्यातच. जुन्याचा पडदा भंगारवाला घेऊन गेला. खालचं सीपीयूचं खोकं न्यायला तो शुक्रवारी येणार होता. तोवर ते माझ्या पायाखाली राहिलं. खुर्ची उंच आणि माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून मी त्यावर गोणपाट टाकून पाय ठेवायचे.

बुधवारी सकाळी अकलोलीकडच्या एका पाड्यावरून एक बाई आणि तिची आई आल्या. बाई माझ्याच वयाची. तिचा जबडा मोडला होता. वरचे-खालचे दात तारेनं एकत्र बांधले होते, गालाचा रंग वांग्यासारखा. नवऱ्यानं टेम्पोच्या पान्यानं मारलं, असं आईनं सांगितलं. नवरा कशेळीच्या गोदामांवर टेम्पो चालवायचा. आता तो म्हणत होता की ती पायरीवरून पडली, आपण तिला कधी बोटही लावलं नाही, लावलं असतं तर इतक्या वर्षांत एकदा तरी तक्रार केली नसती का.

तिनं केली होती. चार वर्षांपूर्वी चाचांकडूनच अर्ज लिहून घेतला होता. पण तो कुठं दिला नाही, हिंमत झाली नाही. घरी नेऊन तांदळाच्या डब्यात लपवला. नवऱ्याला सापडला, त्यानं तिच्यासमोर चुलीत घातला आणि मग तिला मारलं. कोर्टासमोर बसणाऱ्या वकीलबाईंनी तिची केस घेतली होती, त्यांनीच सांगून पाठवलं होतं की तो जुना अर्ज टायपिंगवाल्याकडं असेल तर आणा. तिला आता बोलता येत नव्हतं. जे बोलली होती ते फक्त त्या फायलीत होतं.

चाचांनी एकच विचारलं, त्या दिवशी हातात काय होतं? आई म्हणाली, "जांबलांची पाटी हाय ना. बाजारात विकाया आलती." 'जांभळं' नावाच्या तीन फायली निघाल्या. दुसरी तिची. मी वाचू लागले. गरम पाण्याच्या कुंडावर, लोक आंघोळीला यायच्या आधी, पहाटे, तिची मान धरून तोंड पाण्याखाली दाबून ठेवलं होतं. सोडायचा, श्वास घेऊ द्यायचा, पुन्हा दाबायचा. या गोष्टीला चाचांच्या यादीत शब्द नव्हता. ती अक्षर अक्षर टाइप केलेली होती. मी वाचत गेले तशी ती मान हलवत गेली, प्रत्येक वाक्याला. मी तीन पानं छापून दिली. दोघी वकीलबाईंकडं गेल्या.

अर्ध्या तासानं तो आला. कुणीतरी त्याला कळवलं असणार. रुंद माणूस, हातात लोखंडी पाना, बहुतेक तोच. आरडाओरडा नाही, शांतपणे चाचांना विचारलं की माझ्या बायकोचा कागद इथं बनलाय, तो कुठाय. चाचांनी नेहमीसारखा पडदा त्याच्याकडं फिरवला आणि नाव शोधून घे म्हणाले. त्यानं पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही. टेबलावर टेकलेल्या चाचांच्या हातावर पाना हाणला. मनगटाचा जो आवाज झाला तो मी कुठल्याही अर्जात वाचला नव्हता. चाचा ओरडले नाहीत, खाली बसले, जसं कुणी गुडघे दुखतात म्हणून बसतं.

मग त्यानं माझी वेणी हाताला गुंडाळली आणि मान मागं खेचली. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास होता. चाचांच्या बोटांतून रक्त टेबलाच्या पायावर येत होतं, तेवढंच मला दिसत होतं.

"तू सांग. कशात हाय?"

मी बोट दाखवलं. पडद्याकडं. "ह्यात," म्हणाले.

त्यानं माझं डोकं टेबलावर आपटलं आणि पडद्यावर पाना घातला. एकदा, दोनदा, मी मोजायचं सोडलं. काच माझ्या केसांत, चहाच्या ग्लासात, चाचांच्या दाढीत. पडदा खाली पाडून त्यावर तो नाचल्यासारखा उड्या मारत होता. पेनड्राइव्ह त्याच्यातच खोचलेला, त्याचाही चुरा. तोवर बाजूच्या शेडींतली माणसं धावली, चहावाल्यानं गरम किटली त्याच्या तोंडावर फेकली, आणि मग त्याला जे पडलं ते सांगायचं तर मला यादीच काढावी लागेल. लाब. लाब. लाब. शेवटी पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले.

मी खुर्चीतून उठले नव्हते. कपाळ फुटलं होतं, पाय गोणपाटावर तसेच होते.

चाचांना दवाखान्यात नेल्यावर वकीलबाई आल्या. त्यांच्या हातात ती तीन पानं होती. त्यांनी माझ्या कपाळाला पट्टी लावली आणि मग हळूच विचारलं की यावर आजची तारीख कशी. मी कागद बघितला. वर उजवीकडं आजचा दिनांक. त्या म्हणाल्या, असा कागद दिला तर ते म्हणतील आजच बसून रचलं. जुन्या तारखेचा कुठं आहे?

तेव्हा मला कळलं मी काय करून ठेवलं होतं. एकटीचं नाही, सगळ्यांचं. छत्री, चप्पल, डबा, बरणी. नव्या कॉम्प्युटरात सगळ्या बायकांना एकाच दिवशी मार बसला होता, आणि तो दिवस रोज पुढं सरकत होता. आणि आता तो कॉम्प्युटरही फुटला होता. मला रडूही येईना. वकीलबाई वाट बघत होत्या. ती बाई त्यांच्या मागं उभी होती, पदर गालावर धरून. मी तिच्याकडं न बघता खाली बघितलं, आणि माझे पाय दिसले. पायांखाली गोणपाट. गोणपाटाखाली खोकं.

शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं आपला पडदा उचलून आणला. वायरी जोडल्या. खोक्यानं पहिल्यांदा नुसती शीळ घातली आणि बंद पडलं. दुसऱ्यांदाही तेच. बाईच्या आईनं विचारलं, मेलं का? झेरॉक्सवाल्यानं झाकण काढून आतली धूळ फुंकली, एक पट्टी काढून रबरानं पुसली, परत बसवली. तिसऱ्या वेळी पंखा फिरला. बराच वेळ पडदा काळा, मग निळा. जुना फॉन्ट, जुनी यादी, 'जांभळं' दुसरी. वर चाचांनी हातानं घातलेली तारीख. चार वर्षांपूर्वीची.

वकीलबाईंनी मला कळफलकाला हात लावू दिला नाही. काहीही दाबू नका, हे असंच कोर्टापुढं नेऊ, मानायचं की नाही ते कोर्ट ठरवेल. बाईला वाचता येत नव्हतं. तिनं तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी वाचून दाखवली. तिच्या बांधलेल्या दातांमधून एक आवाज आला. हसली की रडली, मला सांगता येणार नाही.

तोवर शेडींत गोष्ट पसरली होती की हिंगोलीवालीनं काय डोकं चालवलं, नव्याकडं बोट दाखवलं आणि जुन्यावर पाय ठेवून बसली. चहावाला फुकट चहा घेऊन आला. मी दोन दिवस गप्प राहिले. मग दवाखान्यात गेले. चाचांचा हात प्लास्टरमध्ये होता. त्यांना सांगितलं की मी डोकं चालवलं नाही. मला खोकं आठवलंच नव्हतं. जिथं होतं असं मला वाटत होतं, तेच त्याला दाखवलं. तुमचा हात मोडूनही तुम्ही बोलला नाहीत, आणि मी नुसत्या वेणीला घाबरून तिला देऊन टाकलं.

चाचा म्हणाले, "तिला सांगितलंस का?"

नाही म्हटलं.

"तिला सांग. मला कशाला सांगतेस?"

मी गणेशपुरीची एसटी धरून वज्रेश्वरीला उतरले आणि चालत पाड्यावर गेले. वाटेत दोनदा परत फिरले. ती अंगणात भाताची पेज गाळत बसली होती, तारेमधून तेवढंच जात होतं. मी उभ्या उभ्या सांगितलं, सगळं. तिनं उठून माझ्या कपाळावरची पट्टी अंगठ्यानं दाबून बघितली, दुखतं का असं. मग आत जाऊन दुसरी वाटी आणली.

खोकं आता वकीलबाईंच्या कपाटात आहे. आमच्याकडं तिसरा कॉम्प्युटर आलाय. चाचांचा हात नीट वळत नाही, म्हणून टायपिंग मीच करते. यादी पुन्हा भरली, आठवेल तशी. दिनांक मात्र हातानं घालते, प्रत्येक वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून, आणि बाईला वाचून दाखवते.